टॉवर काय लपवतो, आणि काय नोंदवतो

मोबाइल टॉवरवरचा वाद गेली काही वर्षे त्याच रिंगणात फिरतो आहे. एक बाजू म्हणते, हे टॉवर नुसते फोनसाठी नाहीत. त्यांच्यावरच्या पेट्यांत लष्कराची यंत्रे दडवली आहेत, वेळ आली की ती माणसांवर रोखली जातील, मनाचा ताबा घेतील, आजार पसरवतील. दुसरी बाजू हसते, 'आधी विज्ञान शिका' म्हणते आणि विषय मिटवते. यात दोघांचीही सोय होते. एकाला अदृश्य शत्रू मिळतो, दुसऱ्याला सहज हरवता येईल असा प्रतिस्पर्धी. ज्यांच्या हाती या टॉवरांच्या नोंदी आहेत त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. माझे म्हणणे असे की मोबाइल टॉवर हे पाळतीचे साधन आहेच आणि त्याचा लष्करी वापरही झाला आहे. पण त्यासाठी त्यात गुप्त असे काही बसवावे लागलेले नाही. ही पाळत टॉवरच्या रोजच्या कामातच आहे. ती कायद्यात, परवान्याच्या अटींत आणि कंपन्यांच्या करारांत लिहिलेली आहे, आणि शस्त्र शोधण्याच्या नादात आपण ती वाचायचीच राहिलो आहोत.

संशय घेणाऱ्यांना वेड्यात काढणे मला मान्य नाही, कारण इतिहास त्यांच्या बाजूने बरेच काही बोलतो. १९५०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत मॉस्कोतल्या अमेरिकी दूतावासावर सोव्हिएत बाजूने मायक्रोवेव्हचा झोत सोडला जात होता. अमेरिकी सरकारला ते ठाऊक होते. त्याने 'पँडोरा' या नावाने गुप्त संशोधनही केले, पण त्या इमारतीत रोज काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना १९७६पर्यंत सांगितले नाही. सांकेतिक संदेशांची यंत्रे जगभरच्या सरकारांना विकणारी 'क्रिप्टो एजी' ही स्विस कंपनी १९७०पासून अमेरिकी आणि जर्मन गुप्तचर यंत्रणांच्या मालकीची होती, हे जगाला २०२०मध्ये कळले. आणि प्रत्यक्ष टॉवरचेच उदाहरण हवे असेल तर इंग्लंडमधल्या कॅपनहर्स्टचे घ्या. चेशायर परगण्यात ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने एक उंच मनोरा उभारला होता. नाव 'इलेक्ट्रॉनिक चाचणी केंद्र'. ब्रिटिश टेलिकॉमच्या दोन मायक्रोवेव्ह केंद्रांना जोडणाऱ्या रेषेत तो नेमका उभा होता. आयर्लंडचे फोन ज्या झोतातून जात, तो झोत या मनोऱ्यातूनच जाई आणि एका वेळी दहा हजार टेलिफोन वाहिन्या पकडण्याची त्याची क्षमता होती. १९९०च्या दशकात वर्षानुवर्षे हे चालले. मनोरा सगळ्यांना दिसत होता. तो काय करतो ते १९९९मध्ये टेलिव्हिजनवरच्या बातमीतून बाहेर आले.

याहून मोठी गोष्ट अशी की टॉवरविषयी संशय घेण्यात आज सरकारेच आघाडीवर आहेत. ह्वावे या चिनी कंपनीची उपकरणे २०२७पर्यंत ५जी जाळ्यातून काढून टाका, असे ब्रिटनने २०२०मध्ये ठरवले. अमेरिकेच्या क्षेपणास्त्र तळांजवळच्या खेड्यापाड्यांत याच कंपनीची उपकरणे लावलेले टॉवर आहेत आणि ती लष्करी संदेशवहनात अडथळा आणू शकतील, या शंकेवरून एफबीआयने तपास केल्याची बातमी २०२२मध्ये आली. कंपनीने आरोप फेटाळले. पण राज्यसंस्था स्वतः जो प्रश्न गांभीर्याने विचारते तो नागरिकाने विचारला की त्याला अडाणी का म्हणायचे?

इथवर संशय घेणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण त्यांच्याच या उदाहरणांकडे जरा थांबून पाहा. क्रिप्टो एजी आणि कॅपनहर्स्ट ही ऐकण्याची यंत्रे होती. मॉस्कोच्या झोताचा हेतू आजही पुरता स्पष्ट नाही, पण त्याने कोणाच्या मनाचा ताबा घेतल्याचा पुरावा नाही. ज्या सत्तांकडे पैसा, गुप्तता आणि निर्दयपणा यांपैकी कशाचीच कमतरता नव्हती, त्यांनी लहरींचा सर्वाधिक उपयोग केला तो ऐकण्यासाठी आणि पाहण्यासाठी. असे का झाले असावे?

याचे उत्तर १९३५ साली मिळाले होते. जर्मनीकडे 'मृत्युकिरण' असल्याच्या अफवांनी ब्रिटनचे हवाई खाते अस्वस्थ होते. शंभर यार्डांवरून एक मेंढी किरणांनी मारून दाखवणाऱ्याला हजार पौंड देण्याची तयारी त्याने दाखवली होती, असे सांगतात. ते कोणी मिळवले नाहीत. शेवटी रॉबर्ट वॉटसन-वॉट या रेडिओ तज्ज्ञाला विचारणा झाली. त्याने आपला सहकारी अर्नोल्ड विल्किन्स याला एक गणित घातले: काही किलोमीटर अंतरावरच्या आठ पाइंट (सुमारे साडेचार लिटर) पाण्याचे तापमान ९८ अंश फॅरेनहाइटवरून १०५वर न्यायचे तर रेडिओची किती शक्ती लागेल? माणसाच्या शरीरात साधारण तितकेच रक्त असते, हे विल्किन्सच्या लगेच लक्षात आले. उत्तर निघाले ते अशक्य कोटीतले. पण त्याच वेळी त्याने दुसरी गोष्ट सांगितली. विमान जवळून गेले की रेडिओच्या ग्रहणात गडबड होते, हे टपाल खात्याच्या अभियंत्यांनी टिपले होते. मग त्यावरून विमान 'पाहता' येणार नाही का? २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथे बीबीसीचा चालू असलेला लघुलहरी प्रक्षेपक वापरून प्रयोग झाला. साधे रेडिओ केंद्र, त्यात काहीही बदल नाही. आकाशातून हेफर्ड जातीचे बॉम्बर विमान गेले, त्यावरून परावर्तित झालेल्या लहरी सुमारे आठ मैलांपर्यंत पकडता आल्या आणि ब्रिटनच्या रडारचा पाया घातला गेला.

मला या सगळ्या वादाची किल्ली या प्रसंगात दिसते. लहरींनी दुरून माणूस मारायला प्रचंड ऊर्जा लागते. लहरींनी त्याला शोधायला अगदी थोडी पुरते. मारण्याची अफवा पसरते, कारण ती भीतीला भावते. शोधण्याचे काम तेवढ्यात शांतपणे पुढे जाते, तेही सर्वांच्या डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या नागरी प्रक्षेपकावरून.

तेच गणित आजच्या टॉवरला लावून पाहू. एका अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती दहा-वीस वॅटपासून दोन-तीनशे वॅटपर्यंत असते. ती पसरत जाते आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. लहरींचे शस्त्र कसे असते हे पाहायचे तर अमेरिकी लष्कराची 'अ‍ॅक्टिव्ह डिनायल सिस्टिम' पाहावी. ती गुप्त नाही, लष्कराने पत्रकारांना बोलावून तिची प्रात्यक्षिके दिली आहेत. ९५ गिगाहर्ट्झ वारंवारतेचा, सुमारे १०० किलोवॅटचा झोत, तो वाहून न्यायला ट्रक, आणि परिणाम काय, तर त्वचेच्या अर्ध्या मिलिमीटरहून कमी थरात असह्य चटका. २०१०मध्ये ती अफगाणिस्तानात नेली आणि न वापरताच परत आणली. एवढी शक्ती टॉवरवर आणायची तर वीजजोडणी, तारा, शीतकरण सगळेच वेगळे लागेल, आणि ते चढून दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञांपासून लपणार नाही. लहरींच्या दीर्घकालीन आरोग्य परिणामांचा प्रश्न वेगळा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११मध्ये या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवले, त्यावर अभ्यास चालू राहायलाच हवेत. पण तो प्रश्न शस्त्राचा नव्हे.

आता पाहण्याकडे वळू. फोन चालू असेपर्यंत जाळ्याला तो कोणत्या भागात आहे हे माहीत असावेच लागते, नाहीतर आलेला कॉल पाठवायचा कुठे? म्हणून खिशात पडलेला फोनही अधूनमधून हजेरी लावतो आणि आजूबाजूच्या टॉवरांचे सिग्नल मोजत राहतो. टॉवरवर बहुधा तीन दिशांना तोंड केलेली अँटेना असतात, म्हणजे फोन कोणत्या बाजूला आहे हे आपोआप समजते. अनेक फोनचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत म्हणून टॉवर प्रत्येकाला 'थोडे आधी बोल' असे सांगतो. हे 'थोडे' अंतरावरून ठरते, म्हणजे फोन किती दूर आहे हेही टॉवरला कळते. २जीमध्ये त्याची एक पायरी साधारण ५५० मीटरची, ४जीमध्ये साधारण ७८ मीटरची. यातले काहीही हेरगिरीसाठी बनवलेले नाही. हे नसेल तर फोन चालणारच नाही.

मग यातले जे साठवले जाते ते हातात घेऊन पाहा. पोलिस ज्याला सीडीआर (कॉलच्या तपशिलाची नोंद) म्हणतात त्या तक्त्यातल्या एका ओळीत काय असते? कोणी लावला, कोणाला लावला, तारीख, वेळ, किती सेकंद बोलणे झाले, हँडसेटचा ओळखक्रमांक (आयएमईआय), सिमचा ओळखक्रमांक (आयएमएसआय), कॉल सुरू झाला तेव्हाच्या अँटेनाचा क्रमांक आणि संपला तेव्हाच्या अँटेनाचा क्रमांक. बोललेला एक शब्दही त्यात नाही. पण पहिला आणि शेवटचा क्रमांक वेगळा असेल तर माणूस बोलता बोलता प्रवास करत होता. रोज रात्री एकच क्रमांक येत असेल तर ते घर. एखाद्या दुपारी रुग्णालयाजवळचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच, तर त्याचाही अर्थ लावता येतो. मल्टे स्पिट्झ या जर्मन राजकारण्याने आपल्या टेलिफोन कंपनीला न्यायालयात खेचून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्या ३५ हजारांहून अधिक निघाल्या. २०११मध्ये एका वृत्तपत्राने त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा त्याचे रेल्वेप्रवास, सभा, झोपेच्या वेळा सगळे क्रमाने उलगडले. अमेरिकेतल्या कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी एका आरोपीच्या १२७ दिवसांच्या टॉवरनोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या, एकूण १२,८९८ ठिकाणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की ही झडतीच आहे, वॉरंट हवे. सरन्यायाधीशांनी या नोंदींची तुलना घोट्याला बांधलेल्या निगराणी यंत्राशी केली. या दोन्ही प्रकरणांत टॉवरवर कुणी काही चोरून बसवले होते का?

लष्करी वापराचेही तसेच. 'मेटाडेटाच्या (म्हणजे बोलण्याच्या नव्हे, तर कोण, कधी, कुठून या नोंदींच्या) आधारे आम्ही माणसे मारतो' या आशयाचे उद्गार सीआयए आणि एनएसए या दोन्ही अमेरिकी गुप्तचर संस्थांचे माजी प्रमुख मायकेल हेडन यांनी २०१४मध्ये जाहीर कार्यक्रमात काढले. ड्रोनलाच उडता टॉवर बनवून खालचे सिम कुठे आहे ते शोधण्याची 'गिल्गमेश' ही योजना त्याच वर्षी उघड झाली. २०२३च्या पहिल्या मध्यरात्री युक्रेनमधल्या माकिइव्का येथे रशियन सैनिकांच्या निवासावर रॉकेटे पडली. रशियाने ८९ मृत्यू मान्य केले आणि बंदी असताना सैनिकांनी मोबाइल वापरल्याचे कारण दिले. वरिष्ठांची चूक झाकण्यासाठी हा खुलासा असल्याची टीकाही झाली, पण तसे घडू शकते हे कोणी नाकारले नाही. युद्धात मोबाइलचे जाळे ज्या कामाला येते ते हे: कोण कुठे आहे हे सांगणे.

खरोखर लपवलेली एक गोष्ट या क्षेत्रात आहे आणि ती मी मोकळेपणाने मांडतो. जुन्या २जी पद्धतीत फोनने टॉवरला आपली ओळख पटवायची असते. टॉवरने फोनला पटवायची सोयच नाही. या उणिवेचा फायदा घेऊन पेटीएवढे उपकरण खोटा टॉवर बनते आणि आसपासचे फोन त्याच्याकडे ओढले जातात. अमेरिकेत 'स्टिंगरे' नावाने ते पोलिसांकडे पोचले. त्याविषयी न्यायालयातही बोलायचे नाही, असे गोपनीयतेचे करार एफबीआयने स्थानिक पोलिसांकडून करून घेतले होते. उपकरण उघडकीस येऊ नये म्हणून काही खटले सोडूनही देण्यात आले. जानेवारी २०१४मध्ये कीव्हच्या आंदोलकांच्या फोनवर 'सामूहिक दंगलीतील सहभागी म्हणून तुमची नोंद झाली आहे' असा संदेश आला, तेव्हा एका मोबाइल कंपनीने हे असल्याच खोट्या टॉवरचे काम असावे असे सांगितले. पण इथेही लपवले काय होते? लहरी नव्हे, तंत्रज्ञान नव्हे. लपवला होता करार. तो शोधायला टॉवरकडे दुर्बीण रोखून उपयोग नव्हता. आरोपींनी, वकिलांनी आणि पत्रकारांनी कागद मागितले तेव्हा तो बाहेर आला.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा. हरवलेले मूल, अपहरण झालेला माणूस, अपघातात दरीत पडलेली गाडी, खुनाच्या जागी कोण होते हा प्रश्न, या सगळ्यात टॉवरच्या नोंदींनी खरी मदत केली आहे. नोंदीच नकोत असे म्हणणाऱ्याने त्या मुलाच्या आईला काय सांगावे? मी नोंदी नकोत म्हणत नाही. माझा प्रश्न त्या कोण, कोणाच्या परवानगीने, किती काळ आणि नंतर कोणाला उत्तर देत वापरतो हा आहे. भारतात कंपन्यांनी सीडीआर किमान दोन वर्षे ठेवावेत, अशी परवान्याची अट आहे. फोन ऐकण्याची परवानगी न्यायाधीश देत नाही, गृहसचिव देतो, आणि तिचा आढावा सचिवांचीच समिती घेते. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॅपिंगवर बंधने घातली, २०१७मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला; तरी परवानगी देणारा आणि ती तपासणारा हे दोघे एकाच घरातले राहिले. युरोपमध्ये सरसकट सगळ्यांच्या नोंदी साठवायला लावणारा २००६चा निर्देश युरोपीय न्यायालयाने २०१४मध्ये रद्द केला. म्हणजे मर्यादा घालता येतात, आणि घातल्या तरी तपास थांबत नाहीत.

'चांगल्या माणसाला भीती कसली' हे म्हणणे तर अथेन्सने कायमचे निकालात काढायला हवे होते. २००४च्या ऑलिंपिकच्या सुमाराला ग्रीसमधल्या एका मोठ्या मोबाइल जाळ्याच्या एक्स्चेंजमध्ये कोणीतरी शिरले. पोलिसांच्या कायदेशीर टॅपिंगसाठी स्विचमध्ये आधीच असलेली सोय त्यांनी गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन ऐकले, पंतप्रधान कोस्टास कारामानलिस यांचा धरून. २०२४मध्ये अमेरिकेत याचीच मोठी आवृत्ती दिसली: चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या घुसखोरांनी तिथल्या दूरसंचार कंपन्यांत शिरून न्यायालयीन आदेशाने होणाऱ्या टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंत मजल मारली. राज्यसंस्थेने स्वतःसाठी ठेवलेले दार कोणासाठी उघडेल हे राज्यसंस्थेच्या हातात राहत नाही. आणि घुसखोराचीही गरज नसते. ग्राहकांची ठिकाणे दलालांमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०२४मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांना मिळून सुमारे २० कोटी डॉलर दंड केला. ही माहिती विकत घेणारे कोण होते, तर जामिनावरून पळालेल्यांना पकडून पैसे कमावणारे खाजगी शिकारीसुद्धा. ज्या पाळतीसाठी आपण गुप्त लष्करी प्रकल्प कल्पितो ती बाजारात विकत मिळत होती.

अफवेने मधल्या काळात काय केले तेही पाहायला हवे. एप्रिल २०२०मध्ये ५जीने करोना पसरतो, या समजुतीतून ब्रिटनमध्ये डझनावारी टॉवर पेटवले गेले. बर्मिंगहॅममधल्या तात्पुरत्या कोविड रुग्णालयाला सेवा देणारा टॉवरही त्यात होता. त्या काळात कोविडच्या रुग्णांना नातेवाईक भेटू शकत नव्हते, फोन हाच धागा होता. आणि सीडीआरच्या कायद्यात या जाळपोळीने एक शब्द तरी बदलला का? झाले ते उलटेच. त्यानंतर टॉवर आणि पाळत हे दोन शब्द एकत्र उच्चारणाऱ्या प्रत्येकाला त्या जाळणाऱ्यांच्या रांगेत बसवणे सोपे झाले. कॅपनहर्स्टचा मनोरा कोणी जाळला नाही. नागरी हक्कांच्या तीन संस्था मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात गेल्या आणि १ जुलै २००८ रोजी न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवले. वेळ फार लागला, याची मला खंत आहे. पण तो निकाल पुढच्या प्रत्येक खटल्यात वापरता येतो. जळालेला टॉवर महिन्याभरात पुन्हा उभा राहतो.

हे सगळे आताच मांडण्याची घाई आहे, कारण डॅव्हेंट्रीचा प्रयोग पुन्हा टॉवरवर येतो आहे. मोबाइल टॉवरच्या लहरी परावर्तित झाल्या की त्यांवरून विमाने आणि वाहने ओळखण्याचे 'सेलडार' नावाचे तंत्र ब्रिटनमधल्या रोक मॅनर रिसर्च आणि बीएई सिस्टिम्स यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच विकसित करायला घेतले होते, आणि ते छापून आलेले आहे. आता तीच कल्पना थेट मानकात शिरली आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३मध्ये पुढच्या पिढीच्या मोबाइलचा, म्हणजे ६जीचा, आराखडा मान्य केला. त्यातल्या सहा मुख्य उपयोगांपैकी एक 'संवेदन आणि संदेशवहन एकत्र' हा आहे. टॉवर बोलणे पोचवेल आणि त्याच लहरींनी भोवतालच्या वस्तूंचे स्थान, वेग, हालचालही टिपेल. वाहतूक, ड्रोनवर लक्ष, अपघात टाळणे असे त्याचे चांगले उपयोग आहेत. पण यात एक मूलभूत फरक पडतो. आजवर पाळत नको असेल तर निदान फोन घरी ठेवता येत होता. परावर्तन टिपणाऱ्या टॉवरला समोरच्याजवळ फोन असण्याची गरजच नाही.

हा आराखडा कोणालाही वाचता येतो. मानकांचे तपशील आत्ता लिहिले जात आहेत आणि ही जाळी २०३०च्या आसपास उभी राहायची आहेत. परवान्यांच्या अटी त्याआधी ठरतील. फोन नसलेल्या माणसाची टिपलेली हालचाल ही वैयक्तिक माहिती मानायची की नाही? ती साठवायची असेल तर किती तास? पोलिसांना ती कोणत्या न्यायाधीशाच्या आदेशाने मिळेल, लष्कराला कोणत्या कायद्याखाली, आणि दिली गेल्याची नोंद संसदेपुढे दरवर्षी ठेवली जाईल का? दूरसंचार नियामक जेव्हा ६जीविषयी हरकती मागवेल तेव्हा हे प्रश्न लेखी, नाव-पत्त्यासह त्याच्याकडे गेले पाहिजेत, आणि त्यांचे उत्तरही लेखीच मागितले पाहिजे.